राखणीला गेलेली ओवी

कॅमेरा समोर आला की बिभीषण तात्या आधी फेटा चाचपतात, मग घसा खाकरतात आणि मगच तोंड उघडतात. वय सत्तरीच्या पुढं गेलं, गुडघे कुरकुरायला लागले, पण गोष्ट सांगताना ते अडखळत नाहीत. अडखळतील कशाला? गोष्ट एकच, आणि तीही सांगून सांगून गुळगुळीत झालेली. सोलापूरच्या जुळे सोलापूर भागात मुलाच्या घराच्या व्हरांड्यात प्लास्टिकच्या खुर्चीत तात्यांनी बसायचं, पुण्याहून, कोल्हापुराहून आलेल्या पोरांनी समोर फरशीवर मांडी घालायची आणि तात्यांनी धुळाबाबांच्या हरवलेल्या ओवीचं सांगायचं, असा रिवाजच पडून गेला आहे. सून चहा करून करून विटली आहे.

धुळा मेटकरी हा सांगोल्याकडचा मेंढपाळ. शिक्षण शून्य, जमीन नावाला, पण बिरोबाची ओवी धरली की ऐकणाऱ्यांची मेंढरं दुसऱ्याच्या रानात शिरली तरी त्यांना भान नसायचं. त्याला जाऊन पंचवीसेक वर्षं झाली. त्याच्या जन्मभराच्या गाण्यातलं आज काय उरलंय, तर कुठल्याशा यात्रेत कुणीतरी टेपवर धरलेला एक तुकडा. त्यात कुत्री भुंकतात, पोरं रडतात, मध्येच कुणी तरी तंबाखू मागतो. तरी तो तुकडा मोबाइलवर फिरला आणि ज्यांनी जन्मात मेंढरू हाकलं नाही अशी माणसं धुळाबाबांची भक्त झाली. मग त्यांना कळलं की बाबांनी सोलापुरात चार कॅसेटांची अख्खी ओवी भरली होती आणि ती बाजारात आलीच नाही. झालं. भक्ताला हातात नसलेल्या वस्तूएवढं गोड दुसरं काही नसतं.

कुणी म्हणे ती ओवी परदेशातल्या संग्रहालयात आहे. कुणी म्हणे टेंभुर्णीच्या एका ट्रकवाल्याकडं तिची नक्कल आहे, तो फक्त घाटात वाजवतो. माळशिरसच्या एका गृहस्थांनी तर ती आपण ऊसतोडीच्या वेळी फडात ऐकल्याचं शपथेवर सांगितलं, फक्त वाजवत कोण होतं ते त्यांना दिसलं नाही. आणि सगळ्यांचं एका गोष्टीवर एकमत होतं, की ती ओवी खाल्ली गुरुबसप्पानं. गुरुबसप्पा म्हणजे त्या कॅसेटा काढणारे दुकानदार.

ती ओवी दुकानात पोचवल्याचा साक्षीदार एकच, बिभीषण करांडे, धुळाबाबांच्या मागं सूर धरणारे त्यांचे झीलकरी. "गड्ड्याच्या जत्रंची गर्दी व्हती," ते सांगतात. "दुकानात पाय ठिवायला जागा न्हाय. गुरुबसप्पा गिऱ्हाइकासंगं बोलत व्हता. म्या ह्या हातानं चारी कॅसेटा काउंटरवर ठिवल्या. ह्या हातानं." आणि उजवा तळहात उघडून दाखवतात. पोरं त्या तळहाताचे फोटो काढतात. एकानं तर तो फोटो अंगातल्या बनियनवर छापून घेतला, आणि तसला एक बनियन तात्यांनाही भेट दिला.

तो बनियन तात्यांनी कधी अंगात घातला नाही. कारण त्या हातानं कुठल्याच काउंटरवर काही ठेवलेलं नाही. हे सोलापूर जिल्ह्यात दोनच माणसांना ठाऊक होतं, एक तात्या आणि दुसऱ्या त्यांच्या मंडळी, मथुराबाई.

ओवी भरली तेव्हा ते तात्या नव्हते, नुसता बिभ्या होता. बाप मेंढरांमागं गेला आणि पोर धुळामागं. धुळा त्याच्याहून बारा-तेरा वर्षांनी मोठा. ओवीत म्होरक्या ओळ टाकतो आणि ती खाली पडायच्या आत झीलकऱ्यानं उचलून लांबवायची असते, म्हणजे म्होरक्याला श्वास घ्यायला आणि पुढचं आठवायला सवड मिळते. झील तुटली तर देव वाटेत उभा राहतो, असं धुळा म्हणायचा. बिभीषणाची झील कधी तुटली नाही. ताप असला तरी नाही, घरात मयत झाली होती तेव्हाही नाही. पण यात्रेत फेटा बांधायचे ते धुळाला, नारळ द्यायचे ते धुळाला. बिभीषणाला जेवायला वाढायचे, ते मात्र पोटभर.

गुरुबसप्पांचं दुकान सोलापूरच्या बाळीवेशीत होतं. मूळचे अक्कलकोटकडचे, घरात कानडी, बाजारात मराठी. भजनांच्या आणि कानडी वचनगीतांच्या कॅसेटा काढायचे. माणूस सरळ, ओवीचा नादिष्ट. त्यांनीच यात्रेत धुळाला ऐकलं आणि मागं लागून त्याला सोलापूरला आणलं. दुकानाच्या माडीवर एक खोली होती, तिच्या भिंतींना चादरी टांगून बाहेरचा आवाज अडवलेला. माइक एकच. तो धुळासमोर. ढोल दणकतो म्हणून ढोलवाल्याला जिन्यात बसवलं आणि झीलकऱ्याला दारात. बिभीषणानं दारातूनही जीव तोडून झील धरली. ओवी संपली तेव्हा गुरुबसप्पांच्या डोळ्यांना धारा लागल्या होत्या.

आता खरी भानगड इथं झाली. गुरुबसप्पा म्हणाले, लगेच नकला काढून ठेवतो, मूळ कॅसेटा कपाटात ठेवतो. धुळानं साफ नकार दिला. धनगराच्या घरी पहिलं कणीस देवाला, व्यायलेल्या मेंढीचं पहिलं दूध देवाला. ओवी तर देवाचीच. आधी बिरोबानं ऐकायची, मग दुनियेनं. "तोवर तुमच्या मशिनीच्या कानावरबी पडायला नगं," तो म्हणाला. गुरुबसप्पांनी हात जोडले, समजावलं, शेवटी देवाच्या नावापुढं माघार घेतली. अख्ख्या जगात एकच असलेल्या चार कॅसेटा त्यांनी शेल्यात बांधून दिल्या. वरून छापून आलेल्या वेष्टणाचा नमुनाही दाखवला. त्यावर लिहिलं होतं, 'धुळा मेटकरी आणि पार्टी'. बिभीषणाला अक्षरओळख होती. त्यानं ते दोनदा वाचलं, आपलं नाव कुठं दिसतंय का म्हणून.

गावाकडं बिरोबाच्या देवळात भंडारा उधळून टेप लावला. आख्खी वाडी जमली. धुळाचा आवाज गाभाऱ्यात घुमला, बाया पदर डोळ्यांना लावायला लागल्या. आणि बिभीषण आपला आवाज शोधत बसला. तो होता, पण आडाच्या तळातून आल्यासारखा. कुणीतरी म्हणालं, "झील कुणी धरलीया? ऐकूच यीना की." लोक हसले. धुळा म्हणाला, "झील ऐकू यायची नसती, गड्या. ती आधाराला असती." त्याच्या मनात कौतुक होतं, अगदी खरं कौतुक. पण बोलणाऱ्याच्या मनात काय आहे याचा दुखावलेल्या माणसाला काय उपयोग?

सोलापूरला जाऊन कॅसेटा परत करायचं काम बिभीषणाकडं होतं, कारण धुळाचा त्याच्यावर डोळे मिटून भरवसा. बिभीषण गेलाच नाही. आज जातो, उद्या जातो करत घोंगडं पांघरून पडून राहिला. ज्वारीत दाणा भरत होता आणि पाखरांनी उच्छाद मांडला होता. तेव्हा रानोरान एक नवीन युक्ती निघालेली. जुन्या कॅसेटांतलं रीळ काढून या खांबापासून त्या खांबाला ताणून बांधायचं. उन्हात ते चमकतं, वाऱ्यात भुणभुणतं, पाखरू जवळ फिरकत नाही. मथुराबाई गोफण मारून मारून खांदा धरून घरी आली. कोनाड्यातल्या कॅसेटांकडं बोट करून म्हणाली, "ह्या कसल्या हायत्या? कामाच्या हायत्या का?"

बिभीषणानं घोंगड्यातून तोंडही बाहेर काढलं नाही. "त्यात काय न्हाय," तो म्हणाला. "बांद जा रानात."

रागात माणूस काय वाट्टेल ते बोलतो. पण मथुराबाई नव्यानं नांदायला आलेली, नवऱ्याचा शब्द खरा मानणारी. देवळात ओवी लागली त्या दिवशी ती माहेरी होती. ती उठली आणि गेली.

दुसऱ्या दिवशी उन्हं वर आल्यावर बिभीषण रानात गेला आणि बांधावरच थबकला. अख्ख्या पट्टीवर तपकिरी रीळ ताणलेलं होतं. ज्वारीच्या कणसांवर ऊन पडलेलं, वारा सुटलेला आणि ती फीत एका सुरात गुणगुणत होती. पाखरं लांब बाभळीवर बसून होती. त्याला वाईट वाटलं, हे खरं. पण त्याच्या आधी, अगदी पहिल्या क्षणी त्याला जे वाटलं ते वेगळं होतं. त्याला बरं वाटलं. आता माझाही आवाज नाही आणि तुझाही नाही, असं वाटून तो हसला होता. पुढं आयुष्यभर त्याला टोचत राहिलं ते हे हसू. तेव्हाच धावत जाऊन त्यानं रीळ सोडवलं असतं, गुंडाळलं असतं, तर निम्मीअर्धी ओवी वाचली असती. तो बांधावर उभा राहिला आणि मग घरी परत आला. सुगी होईपर्यंत ते रीळ तसंच रानात राहिलं, ऊन-वाऱ्यात झडत झडत. पीक मात्र त्या साली चांगलं आलं.

धुळानं विचारलं तेव्हा बिभीषण म्हणाला, दिल्या. एकदा दिल्या म्हटल्यावर कुठं दिल्या, कशा दिल्या हे ओघानं आलं. धुळा त्याला घेऊन बाळीवेशीत आला. गुरुबसप्पा म्हणाले, "माझ्याकडं आलेच नाहीत हो. शिवाची शपथ." तेव्हा बिभीषणानं गड्ड्याच्या जत्रेची गर्दी काढली, काउंटर काढलं, तुमी गिऱ्हाइकासंगं बोलत व्हता हेही काढलं. जत्रेच्या दिवसांत त्या दुकानात कायम गर्दी असायची, हे कुणालाही माहीत होतं. गुरुबसप्पा बोलता बोलता थांबले. खरंच दिल्या असतील का, गर्दीत आपल्याच ध्यानात राहिलं नसेल का, अशी शंका त्यांच्या तोंडावर उमटली. बिभीषणानं ती डोळ्यांनी बघितली आणि त्याला सुटल्यासारखं वाटलं.

गुरुबसप्पा म्हणाले, पुन्हा भरू या, सगळं मी करतो. धुळा म्हणाला, देवाला दाखवलेलं ताट परत कुणी वाढतं का? आणि तो दुकानाच्या पायऱ्या उतरला. पुढं तो गायला, पण माइकसमोर कधी नाही. कुणी बिभीषणावर संशय घेतलाच तर धुळा त्याच्या अंगावर जायचा. "माजा झीलकरी दिल्या म्हणला म्हंजी दिल्या." तो हे शेवटच्या दुखण्यातही म्हणाला होता, आणि बिभीषण तेव्हा त्याचे पाय चेपत होता. गुरुबसप्पांकडं मात्र गाणारी माणसं यायची थांबली. देवाची ओवी खाल्लेला माणूस, असं नाव पडलं. दुकान बसलं. पुढं कॅसेटांचाच जमाना गेला, तेव्हा इतरांचीही दुकानं बसली, पण त्यांना कुणी चोर म्हटलं नाही.

आणि बिभीषणाचं काय झालं? त्याचं उलट भलंच झालं. रान विकून तो सोलापुरात आला. मुलगा अभिमन्यू चादरीच्या कारखान्यात चिकटला. पुढं तो यात्रेतला तुकडा फिरायला लागला, आणि त्यात गंमत अशी की टेप धरणारा झीलकऱ्याच्या बाजूला उभा होता. धुळापेक्षा झीलच मोठी ऐकू येते. पोरं म्हणायला लागली, झील ऐकावी तर करांड्यांची. जे हवं म्हणून जीव जळाला होता ते असं आयतं ताटात येऊन पडलं. तात्यांना तो तुकडा कुणी ऐकवला की ते लघवीचं निमित्त करून उठून जातात.

दिग्विजय नावाचा टेंभुर्णीचा एक प्राध्यापक या भक्तांचा म्होरक्या आहे. गेल्या वर्षी तो आनंदानं फुलून व्हरांड्यात आला. "तात्या, गुरुबसप्पांची मुलगी तयार झाली. कॅसेटांची खोकी अजून घरात आहेत, सगळी बघू देणार आहे. तुम्ही फक्त चला. तुम्ही आणि ते समोरासमोर, कॅमेऱ्यावर. माणूस नव्वदीला टेकलाय. आता तरी खरं बोलेल."

तात्या हो म्हणाले, कारण नाही म्हणायला कारण सापडलं नाही. घरात आले तर मथुराबाई शेंगा निवडत बसलेल्या. त्यांनी सगळं ऐकलं होतं.

"काय करू?" तात्यांनी विचारलं.

"मला काय इचारता? रीळ म्या बांदलं. पर मला म्हायती असतं तर म्या तवाच गुंडाळून आणलं असतं." मथुराबाईंनी सूप खाली ठेवलं. "म्हायती तुमाला व्हतं. इतकी सालं म्या तोंड उघडलं न्हाय, तुमची लाज ती माजी लाज म्हणून. आता त्या म्हाताऱ्याफुडं जाऊन परत त्येच बोलनार असला, तर माज्या हातची भाकरी खाऊ नका."

बाळीवेशीतलं घर अरुंद, खोल. गुरुबसप्पांची मुलगी दानेश्वरी, पन्नाशीकडं झुकलेली, शाळेत शिक्षिका. ती दारात हसली नाही. "अप्पा माडीवर आहेत," म्हणाली आणि जिना दाखवला. माडीवरच्या खोलीत भिंतीला लागून खोकी रचलेली, आणि मधोमध चटईवर गुरुबसप्पा बसलेले. गळ्यात लिंगाचा शिवदारा, कपाळाला विभूती, समोर जुना टेप. हातातल्या कॅसेटमध्ये पेन्सिल घालून सैल रीळ गुंडाळत होते.

"रोज पूजा झाली की हेच," दानेश्वरी म्हणाली. "खोकी उघडायची, ऐकायचं, परत भरायचं. जेवायला उठवावं लागतं."

दिग्विजयनं कॅमेरा लावला. गुरुबसप्पांनी मान वर केली, बराच वेळ तात्यांकडं बघितलं आणि ओळख पटल्यावर दोन्ही हात जोडले. तात्यांना वाटलं नमस्कार आहे. पण म्हातारा पुढं सरकून त्यांच्या पायाला हात लावू बघत होता.

"माफ करा हो करांडे," गुरुबसप्पा म्हणाले. "त्या वेळेला नाही म्हणालो मी. खोटं बोललो नव्हतो, आठवतच नव्हतं. नंतर आठवलं सगळं. गर्दी होती. तुम्ही निळी पिशवी काउंटरवर ठेवलात. मी गिऱ्हाइकाकडं बघत बसलो, तुमच्याकडं बघितलंच नाही. देवाची वस्तू हो, आणि माझ्या हातनं गेली. शोधतोय मी. घरातच आहे कुठंतरी."

निळी पिशवी. तात्यांनी आजवर कुणालाही पिशवीचं सांगितलं नव्हतं. आपण पेरलेलं खोटं या माणसाच्या डोक्यात इतकी वर्षं वाढत राहिलं, त्याला पिशवी फुटली, रंग आला. दिग्विजयनं खूण केली, बोला. आणि तात्या बोलले.

"अण्णा, म्या दिल्याच न्हाईत. मी दुकानात आलोच नव्हतो. रीळ माज्या रानात बांदलं, पाखरं हाकलायला. माज्या तोंडातनं गेलं बांद म्हणून. दिसल्यावरबी सोडलं न्हाय. वाईट वाटण्याआधी मला आनंद झाला व्हता, अण्णा. तुमच्यावर आळ घातला तो म्या."

बोलून झाल्यावर त्यांना हलकं वाटायला हवं होतं. गुरुबसप्पांनी सगळं नीट ऐकलं. मग त्यांनी तात्यांच्या गुडघ्यावर थोपटलं, लहान पोराला थोपटावं तसं.

"मोठं मन आहे तुमचं," ते म्हणाले. "म्हाताऱ्याला शांतपणे मरण यावं म्हणून एवढं पाप अंगावर घेताय. नको हो. ज्याचं त्यानं फेडावं."

तात्यांनी पुन्हा सांगितलं. शपथ घेतली, बिरोबाची घेतली, अभिमन्यूची घेतली. गुरुबसप्पा प्रत्येक शपथेला मान हलवत राहिले आणि त्यांच्या डोळ्यांतलं पाणी वाढत गेलं. दिग्विजयनं कॅमेरा बंद करायला हात पुढं केला.

"बंद करू नका," दानेश्वरी म्हणाली. तिच्या हातातले चहाचे कप तसेच होते. ते तिनं खाली ठेवले. "तात्या, माझ्याकडं बघून सांगा. वर्गात मला कुणी शेजारी बसवून घ्यायचं नाही. माझी आई देवळात जायची बंद झाली आणि तशीच गेली. सांगा परत, सगळं."

तात्यांनी तिच्याकडं बघून सगळं परत सांगितलं. तिला पटलं होतं, हे तिच्या तोंडावर दिसत होतं, आणि तात्यांना त्या तोंडाकडं बघवलं नाही.

ते चित्रण दिग्विजयनं मोबाइलवर सगळीकडं पाठवलं. तात्यांना वाटलं, आता लोक थुंकतील. थुंकू देत, त्यासाठी त्यांनी मनाची तयारी केली होती. पण लोकांची तऱ्हा बघा. एकानं लिहिलं, म्हाताऱ्याला भ्रम झालाय. दुसऱ्यानं लिहिलं, गुरुबसप्पाच्या घरच्यांनी बोलायला लावलं. तिसरा म्हणाला, एवढी थोर ओवी ज्वारीच्या रानात पाखरं हाकलायला जाते व्हय, कुणाला शेंड्या लावता? ट्रकवाल्याची गोष्ट मानणाऱ्यांना ही मानवली नाही. त्यांना हरवलेली ओवी हवी होती. झडून गेलेली नको होती.

दिग्विजय महिनाभरानं आला. तात्यांची नजर चुकवत म्हणाला, "तात्या, तुमच्या मनाचा मोठेपणा मला कळतो. पण त्या घरात तुमच्यावर दडपण आलं असणार. ते चित्रण मी काढून टाकलंय." तात्या काहीतरी बोलायला गेले, पण तो चहा न घेता उठला. पुढच्याच आठवड्यात साताऱ्याची पोरं आली आणि म्हणाली, तात्या, तळहात दाखवा. तात्यांनी त्यांना खरं सांगितलं. पोरं एकमेकांकडं बघून हसली आणि फोटो काढून गेली.

नंतर एक दिवस दानेश्वरीचा फोन आला. आवाज कोरडा होता. "लोकांनी मानलं नाही, याचं मला नवल नाही. पण अप्पा तुमचं नाव घेतात. म्हणतात, मला आता नीट ऐकू येत नाही, करांड्यांना धुळाचा आवाज ओळखता येईल, त्यांना बोलवा. मी त्यांना काय सांगू? शोधणं थांबलं तर ते चार दिवस जगायचे नाहीत. तेव्हा तुम्ही या, आणि त्यांच्याबरोबर शोधा."

"ताई, तितं न्हायच ती," तात्या म्हणाले.

"मला माहीत आहे," ती म्हणाली. "तुम्हालाही माहीत आहे. तरी या."

तेव्हापासून दर सोमवारी तात्या सिटी बसनं बाळीवेशीत जातात. मथुराबाई भाकरी आणि शेंगाचटणी बांधून देतात, दोघांपुरती. माडीवर दोघं म्हातारे चटईवर बसतात. गुरुबसप्पा खोक्यातून एक कॅसेट काढतात, पेन्सिलीनं रीळ ताणतात आणि तात्यांपुढं धरतात. तात्या ती टेपात घालतात. कधी कानडी वचन लागतं, कधी लग्नाचं गाणं, कधी नुसती खरखर. तात्या शेवटपर्यंत ऐकतात, कारण मध्येच बंद केलेलं गुरुबसप्पांना चालत नाही. मग ते म्हणतात, "ही न्हवं." गुरुबसप्पा कॅसेट दुसऱ्या खोक्यात ठेवतात. सगळी खोकी संपली की पहिल्यापासून परत.

एका सोमवारी खरखरीची कॅसेट संपली आणि तात्यांच्यानं राहवलं नाही. त्यांनी टेप बंद केला आणि गुरुबसप्पांच्या कानाशी तोंड नेलं. "अण्णा, बास करू या आता. न्हाय सापडायची ती."

गुरुबसप्पा दचकले. तात्या काही अभद्र बोलल्यासारखं त्यांच्याकडं बघत राहिले.

"असं कसं म्हणता करांडे?" ते म्हणाले. "तुम्ही दिलात ना? मग जाणार कुठं? तुमच्या शब्दावरच तर इतकी वर्षं शोधतोय की हो."

आणि त्यांनी पुढची कॅसेट तात्यांच्या हातात दिली.